तालमीतला तिसरा आठवडा



दिवाळी सरली आणि पहाटेची थंडी अंगाला झोंबू लागली, की गावोगावच्या तालमींत आणि व्यायामशाळांत एकाएकी गर्दी होते. शाळकरी मुले आदल्या रात्री घड्याळाचा गजर लावून झोपतात आणि उजाडण्यापूर्वी जोर-बैठका मारायला हजर होतात. पहिल्या आठवड्यात सर्वांचे अंग इतके दुखते की जिना उतरताना भिंतीचा आधार घ्यावा लागतो, पण उत्साह कायम असतो. दुसऱ्या आठवड्यात दुखणे कमी होते. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र एकेक चेहरा दिसेनासा होऊ लागतो आणि संक्रांतीपर्यंत तालमीत पुन्हा जुनीच मंडळी उरतात. तुमच्या गावच्या वस्तादांना विचारा; त्यांना याचे मुळीच नवल वाटत नाही.

वडीलधारी माणसे याला आळस म्हणतात. आळस थोडाफार असेलही. पण जी मुले तीन आठवडे थंडीत उठली, त्यांना आळशी कसे म्हणावे? खरी अडचण निराळी आहे. ही मुले रोज घरी जाऊन आरशासमोर उभी राहतात, दंड वाकवून बेटकुळी काढतात आणि ती तसूभरही वाढलेली दिसत नाही. मग मनाशी म्हणतात, "आपल्या अंगाला व्यायाम लागतच नाही." गंमत अशी, की नेमके त्याच दिवसांत त्यांच्या शरीरात फार महत्त्वाचे काम चाललेले असते. ते आरशात दिसत नाही, एवढेच. ते काम कोणते, हे आज आपण पाहू. एकदा ते कळले की व्यायामाचे ध्येय कसे ठरवावे आणि ते टिकवावे कसे, हेही आपोआप कळेल.

स्नायू ओढतो कसा?

आपल्या शरीरात हाडांना जोडलेले सहाशेहून अधिक स्नायू आहेत. प्रत्येक स्नायू हा केसासारख्या बारीक तंतूंचा जुडगा असतो. प्रत्येक तंतूच्या आत त्याहूनही बारीक दोऱ्या असतात आणि त्या दोऱ्यांत एकापुढे एक असे असंख्य लहान खण असतात. एका खणाची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-अडीच पट, म्हणजे दोन ते अडीच मायक्रॉन. याचा अर्थ एक सेंटीमीटर लांबीच्या दोरीत असे चार हजारांहून अधिक खण ओळीने बसतात.

प्रत्येक खणात दोन प्रथिनांचे धागे असतात. जाड धागे मायोसिनचे, बारीक धागे ॲक्टिनचे. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा हे धागे स्वतः आखूड होत नाहीत. ते एकमेकांवरून सरकतात. मायोसिनच्या धाग्याला असलेली असंख्य लहान डोकी ॲक्टिनच्या धाग्याला पकडतात, ओढतात, सोडतात आणि पुन्हा पुढे पकडतात. विहिरीतून पोहरा ओढताना आपण दोर हातावर हात टाकत ओढतो, तसाच हा प्रकार. १९५४ साली दोन स्वतंत्र गटांनी हे सरकणे एकाच वेळी दाखवून दिले. एका गटात अँड्र्यू हक्स्ली होते आणि दुसऱ्यात ह्यू हक्स्ली. आडनाव एकच, पण दोघांचे नाते काही नाही!

धागे जितके अधिक, तितकी ओढणारी डोकी अधिक, तितका जोर अधिक. मग ताकद वाढली म्हणजे धागे वाढले, असेच ना? येथेच आपली फसगत होते.

पहिले आठवडे मज्जातंतूंचे

स्नायू आपणहून काही करत नाही. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूतून निघालेला मज्जातंतू त्याला आज्ञा देतो. एक मज्जापेशी आणि तिच्या आज्ञेत असलेले सर्व स्नायुतंतू यांची मिळून एक तुकडी होते. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत एका तुकडीत जेमतेम दहा-वीस तंतू असतात, कारण तेथे नाजूक हालचाल हवी. पायाच्या पोटरीत मात्र एका तुकडीत हजाराहून अधिक तंतू असू शकतात. हलके काम असेल तर शरीर लहान तुकड्या कामाला लावते. काम जड होत गेले की क्रमाने मोठ्या तुकड्या बोलावल्या जातात.

नवशिक्या माणसाला आपल्या सगळ्या तुकड्या एका वेळी नीट कामाला लावता येत नाहीत. काही उशिरा येतात, काही येतच नाहीत, आणि विरुद्ध बाजूचे स्नायू उगाच आवळले जाऊन अडथळा करतात. तालमीतल्या पहिल्या दिवशी जोर काढताना हात थरथरतात ते यामुळेही. लेझीमच्या पहिल्या सरावाला जसा गोंधळ उडतो आणि पंधरा दिवसांत पन्नास मुलांची पावले एका ठेक्यावर पडू लागतात, तसेच येथे घडते. मुले तीच आणि लेझीमही तीच असते, पण परिणाम किती वेगळा!

हे तर्काने सांगितलेले नाही. १८९४ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर यांच्या प्रयोगशाळेत एक साधा प्रयोग झाला. एकाच हाताने दाब देण्याचा सराव काही दिवस केला, आणि शेवटी पाहिले तर सराव न केलेल्या दुसऱ्या हाताची ताकदही वाढलेली! त्या हाताने काही कष्ट केले नव्हते, म्हणजे त्याचा स्नायू वाढला असणे शक्य नव्हते. शिकली होती ती आज्ञा देणारी यंत्रणा. पुढे १९७९ साली तोशिओ मोरितानी आणि हर्बर्ट डीव्हरीज यांनी दंडाच्या स्नायूंना आठ आठवडे व्यायाम देऊन स्नायूंतील विजेचे संकेत मोजले. पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढली ती मुख्यतः मज्जासंस्थेमुळे; साधारण तीन ते पाच आठवड्यांनंतर स्नायूच्या वाढीचा वाटा वरचढ झाला, असे त्यांना आढळले.

आता आपल्या तालमीतल्या मुलाकडे पुन्हा पाहा. तो नेमका तिसऱ्या आठवड्यात निघून गेला. पाया खणून झाला होता, विटा रचायला सुरुवात व्हायची होती, आणि "भिंत कुठे दिसत नाही" म्हणून गवंड्यानेच काम सोडले!

मग स्नायू भरतो

स्नायूतील प्रथिने कायमची नसतात. ती सतत मोडत असतात आणि सतत नव्याने बनत असतात. पाण्याच्या टाकीला एक नळ भरणारा आणि एक रिकामा करणारा असावा, तसे हे आहे. टाकी भरायची तर आत येणारे पाणी बाहेर जाणाऱ्या पाण्याहून अधिक हवे. पुरेशा जड व्यायामानंतर प्रथिने बनवण्याचा वेग वाढतो आणि तो साधारण एक-दोन दिवस वाढलेला राहतो. त्या वेळी आहारातून प्रथिने मिळाली, तर दर खेपेस थोडीशी शिल्लक उरते. अशी थेंबाथेंबाची शिल्लक कित्येक आठवडे साठली, म्हणजे तंतू जाड होतात. तंतूंची संख्या मात्र फारशी बदलत नाही.

तंतूंच्या कडेला काही राखीव पेशी झोपल्यासारख्या पडून असतात. १९६१ साली अलेक्झांडर माउरो यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या स्नायूत त्या प्रथम पाहिल्या. व्यायामाने स्नायूवर ताण पडला की या पेशी जाग्या होतात, त्यांची संख्या वाढते आणि त्यांपैकी काही तंतूत मिसळून दुरुस्तीला व वाढीला हातभार लावतात.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, वाढ व्यायामाच्या वेळी होत नाही, विश्रांतीत होते. म्हणून एकाच स्नायूला रोज घाम काढण्यापेक्षा एक दिवसाआड व्यायाम देणे नवशिक्याला हिताचे. दुसरी, स्नायूला सवय झाली की तोच भार त्याला पुरत नाही. प्राचीन ग्रीसमधील क्रोटनच्या मिलो या मल्लाची गोष्ट सांगतात, की तो एक वासरू रोज खांद्यावर घेऊन चाले. वासरू वाढत गेले तशी त्याची ताकदही वाढत गेली. ही झाली दंतकथा. पण दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांवर उपचार करताना अमेरिकी लष्करातील डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी हाच विचार मोजून-मापून वापरला. अशक्त झालेल्या पायाला हलक्या व्यायामाचा कंटाळवाणा रतीब घालण्याऐवजी त्यांनी भार टप्प्याटप्प्याने वाढवत नेला आणि १९४५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आजही व्यायामशास्त्र याच पायावर उभे आहे.

अंग दुखण्याबद्दलही एक गैरसमज दूर करू. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखते ते लॅक्टिक आम्ल साठल्यामुळे नव्हे. ते तर व्यायामानंतर तासाभरात बहुतेक निघून जाते. अनोळखी कामाने तंतूंत झालेल्या सूक्ष्म इजा आणि त्यानंतरचा दाह यांमुळे दुखते. तेव्हा दुखले नाही म्हणजे व्यायाम वाया गेला, असे समजू नका.

आरसा चुकीचे सांगतो

विज्ञानात चुकीच्या उपकरणाने मोजले तर उत्तर चुकीचेच येते. गुंजभर सोने कोणी लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर तोलत नाही. स्नायूच्या वाढीसाठी आरसा हे तसेच उपकरण आहे.

एक हिशोब करून पाहा. तुमच्या दंडाचा घेर २४ सेंटीमीटर आहे, असे समजा. दंड गोल मानला, तर त्याच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ४५.८ चौरस सेंटीमीटर येते. घेर २५ झाला, तर क्षेत्रफळ सुमारे ४९.७ होते. म्हणजे घेर जेमतेम चार टक्क्यांनी वाढला, पण क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी. आतले हाड तर तेवढेच राहिले. तेव्हा ही वाढ मुख्यतः स्नायूची असेल, तर स्नायूपुरती ती याहूनही मोठी. हा एक सेंटीमीटर आरशात दिसणार नाही, आणि टेप थोडी सैल धरली तर अर्धा सेंटीमीटर चूक सहज होते. त्यातून तुमचे वय वाढीचे. काही न करताही तुमचा दंड वर्षभरात थोडा वाढणारच!

याच कारणाने शेजारच्या मुलाशी तुलनाही फसवी ठरते. पौगंडावस्था कोणाला बाराव्या वर्षी गाठते, कोणाला पंधराव्या. त्या वेळी मुलांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक वाढते आणि स्नायू झपाट्याने भरू लागतात. आवाज न फुटलेल्या मुलाची ताकद व्यायामाने नक्की वाढते, पण ती बव्हंशी मज्जासंस्थेमुळे. त्याच्या दंडाने मिसरूड फुटलेल्या मित्राच्या दंडाशी शर्यत लावू नये. मुलींचेही तसेच. त्यांचे स्नायू मुलांइतके फुगत नाहीत, पण स्वतःच्या सुरुवातीशी तुलना केली तर त्यांच्या ताकदीतील वाढ मुलांच्या तोडीची असू शकते. मल्लखांब किंवा कबड्डी खेळणाऱ्या मुलींना हे सांगायला नको.

ध्येय कसे ठरवावे?

"मला पिळदार शरीर कमवायचे आहे" हे ध्येय नव्हे, ही इच्छा झाली. ध्येयाला आकडा लागतो आणि तारीख लागते. एडविन लॉक या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली मांडले, की "जमेल तितके कर" असे सांगण्यापेक्षा निश्चित आणि थोडे कठीण उद्दिष्ट दिले तर माणसे अधिक काम करतात. पुढील अनेक प्रयोगांनी याला पुष्टी दिली.

पण दूरचे ध्येय एकटे पुरत नाही. १९८१ साली आल्बर्ट बँड्युरा आणि डेल शुंक यांनी वजाबाकीत कच्च्या असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना सांगितले, "सात बैठकांत ४२ पाने पुरी करा." दुसऱ्यांना सांगितले, "दर बैठकीत ६ पाने करा." गुणाकार केला तर काम अगदी तेवढेच. तरी सहा-सहा पाने करणारी मुले गणितात पुढे गेली, त्यांचा आत्मविश्वास वाढला आणि मुख्य म्हणजे त्यांना त्या गणितांची गोडी लागली. शिक्षकांनी हा प्रयोग जरूर ध्यानात ठेवावा. गोडी आधी आणि काम मग, असेच नेहमी घडते असे नाही. हाताला यश लागले की गोडी मागून येते.

वेळ आणि जागाही ठरवावी. २००२ साली ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. काहींना व्यायामाचे फायदे पटवून देणारा मजकूर वाचायला दिला. आणखी काहींना तो मजकूर तर दिलाच, शिवाय "अमुक वारी, अमुक वेळी, अमुक जागी मी व्यायाम करीन" असे लिहून द्यायला सांगितले. नुसते वाचणाऱ्यांपैकी ३५ टक्क्यांनी पुढच्या आठवड्यात व्यायाम केला. लिहून देणाऱ्यांपैकी ९१ टक्क्यांनी!

आणि एखादा दिवस चुकला तर? लंडनमधील एका अभ्यासात (२०१०) नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला २५० हून अधिक दिवस लागतील असा हिशोब निघाला. मात्र मधला एखादा दिवस चुकल्याने सवयीचे विशेष बिघडले नाही. परीक्षा, ताप, घरचे लग्न, अशा गोष्टी येणारच. दिवस चुकला म्हणून महिना सोडू नका.

आपल्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आठवा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तांबड्या मातीत वाढलेल्या या मल्लाला गादीवर कुस्ती करावी लागली आणि त्यांचा सहावा क्रमांक आला. पुढची तारीख चार वर्षांवर होती. १९५२ साली हेलसिंकीला ते वरच्या वजनगटात उतरले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दोन पदकस्पर्धांमधल्या चार वर्षांत किती साध्या, कोणी न पाहिलेल्या सकाळी गेल्या असतील, त्याचा विचार करा.

ताट आणि डबा

तुमच्या वयाला दर किलो वजनामागे रोज सुमारे एक ग्रॅम प्रथिन लागते; व्यायाम करणाऱ्याला त्याहून थोडे अधिक. ४५ किलोच्या मुलाचा हिशोब करू. २०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्यांतून सुमारे २० ग्रॅम, ५० ग्रॅम डाळ किंवा मोड आलेल्या कडधान्याच्या उसळीतून १२, पाव लिटर दुधातून ८ आणि मूठभर शेंगदाण्यांतून ७ ग्रॅम. झाले ४७! अंडे खात असाल तर प्रत्येकी ६ ग्रॅम आणखी. धान्यात लायसिन हे ॲमिनो आम्ल कमी असते, ते डाळीत भरपूर असते. म्हणून भाकरीबरोबर आमटी किंवा झुणका ही जोडी शास्त्राला धरून आहे.

तेव्हा महागड्या पावडरीच्या डब्यांची तुम्हांला गरज नाही. त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे "महिन्यात बॉडी" करून देणारी इंजेक्शने आणि गोळ्या. त्यांत बहुधा टेस्टोस्टेरॉनच्या जातीची औषधे असतात. वाढत्या वयात ती घेतली तर हाडांच्या टोकांची वाढ वेळेआधी थांबून उंची कायमची खुंटू शकते. यकृत, हृदय आणि मन यांवरही दुष्परिणाम होतात. ज्याला तिसऱ्या आठवड्यात धीर धरवत नाही, तोच या सापळ्यात सापडतो. उलट, योग्य देखरेखीखाली केलेल्या व्यायामाने उंची खुंटते ही समजूत मात्र खोटी आहे.

करून पाहा

एक वही घ्या आणि स्वतःवर बारा आठवड्यांचा प्रयोग करा. दमा, हृदयविकार किंवा जुनी दुखापत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

१. पहिल्या दिवशी नीट पद्धतीने, न थांबता किती जोर आणि किती बैठका होतात ते मोजून लिहा. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडून दंडाचा घेर तीनदा मोजा आणि सरासरी काढा.

२. आठवड्यातले तीन वार, वेळ आणि जागा लिहून ठेवा. बारा आठवड्यांचे ३६ दिवस होतील. त्यांपैकी निदान ३२ दिवस हजेरी, हे तुमचे मुख्य ध्येय. ते सर्वस्वी तुमच्या हाती आहे. दंडाचा घेर तुमच्या हाती नाही.

३. पहिल्या दिवशी ८ जोर झाले असतील, तर ५-५ च्या तीन फेऱ्यांनी सुरुवात करा. मध्ये दीड-दोन मिनिटे विसावा घ्या. श्वास कोंडू नका. तिन्ही फेऱ्या सलग दोन दिवस नीट जमल्या की प्रत्येक फेरीत एक जोर वाढवा. बैठकांचेही तसेच. सांध्यात कळ आली तर थांबा आणि शिक्षकांना दाखवा.

४. दर चौथ्या आठवड्याला पुन्हा मोजणी करा आणि आलेखाच्या कागदावर दोन रेषा काढा, एक जोरांच्या संख्येची आणि एक घेराची.

पहिली रेषा लवकर चढू लागलेली दिसेल. दुसरी बराच काळ आडवी राहील. पहिली चढते आहे आणि दुसरी आडवी आहे, तेव्हा निराश होऊ नका. तुमच्या स्नायूंच्या तुकड्या लेझीमचा ठेका शिकत आहेत, असा त्याचा अर्थ. शिक्षकांनी वर्गातल्या सगळ्यांचे आलेख शेजारी शेजारी लावले, तर कोणतेही दोन सारखे नसतात हेही मुलांना दिसेल, आणि त्यावर जीवशास्त्राचा एक चांगला तास होईल.

तिसऱ्या आठवड्यातल्या एखाद्या थंड पहाटे गजर वाजेल आणि मन म्हणेल, "काय उपयोग?" तेव्हा आरशाकडे जाऊ नका. वही उघडा, आदल्या खेपेचा आकडा पाहा आणि त्याखाली आजची तारीख घाला.